पाय साधा दिसतोय पण दुखणं भयंकर? खान्देशातल्या डॉक्टर मंडळींना खुलं पत्र

प्रति,
धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यातले सगळे जनरल प्रॅक्टिशनर, प्राथमिक आरोग्य केंद्रातले मेडिकल ऑफिसर, उपकेंद्रातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), आणि तालुका डॉक्टर संघटनांचे अध्यक्ष-सेक्रेटरी.

सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यात जनरल सर्जन आहे, पंचवीसेक वर्षं झाली असतील, नाव टाकत नाही कारण नाव टाकलं की पत्र बाजूला राहतं आणि हा कोण शहाणा यावरच ग्रुपवर चर्चा सुरू होते. भांडायला लिहीत नाहीये. तुमच्यातले निम्मे जण रात्री दोनला दार वाजलं तर उठून बघतात, शंभर रुपयात बघतात, कधी तेही उधार ठेवतात, हे मला माहितीये. पण एका आजारापुरतं स्पष्ट बोलायचंय, कारण तो आजार आधी तुमच्या ओपीडीत येतो, माझ्याकडं तर खूप नंतर येतो, आणि तोपर्यंत बऱ्याचदा हातातली वेळ गेलेली असते.

नेक्रोटायझिंग फॅसायटिस. कातडीखालच्या चरबीतून आणि स्नायूवरच्या पडद्यातून, म्हणजे फॅशियातून पसरणारं इन्फेक्शन, ज्यात तो पडदाच सडत जातो. पेशंटच्या भाषेत 'पाय सडला', पण तो शब्द येतो शेवटी, सुरवातीला पेशंट फक्त एवढंच म्हणतो की डॉक्टर, रातभर झोप नही, पाय भलता दुखस.

आणि नेमकं हेच ऐकायचं असतं.

पावसाळ्यात येणारा नेहमीचा पेशंट डोळ्यासमोर आणा. सालदार आहे, नाहीतर स्वतःचं चार-पाच एकर कोरडवाहू असलेला पन्नाशीतला माणूस, शुगर आहे पण गोळी कधी घेतो कधी नाही, कपाशीत खुरपताना नाहीतर गेल्या वर्षीच्या पऱ्हाटीचं खुंट तळपायात घुसलं, त्यानं हळद लावली, चिंधी बांधली, परत चिखलात गेला. तिसऱ्या दिवशी पिंढरीपर्यंत दुखायला लागतं. तो तुमच्याकडं येतो, तुम्ही बघता, पाय थोडा सुजलेला, थोडा गरम, जखम तर एवढीशी, ताप थर्मामीटरवर शंभर सुद्धा नाही. मग काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, दुखणं दाबणाऱ्या डायक्लोची एक सुई, त्यात एक डेक्सा म्हणजे स्टेरॉइड, पाच दिवसाचं सेफिक्झिम नाहीतर ऑगमेंटिन हे अँटिबायोटिक, आणि 'उद्या दाखव'. त्या सुईनं रात्री झोप लागते. सकाळी पेशंट खूश, डॉक्टर भारी. परवा रात्री तो गुंगीत असतो, लघवी बंद, पाय मांडीपर्यंत टणक, आणि घरचे ॲपे रिक्षा शोधत फिरतायत.

यात तुम्ही मूर्खपणा केला असं मी म्हणत नाही. सुरवातीला हा आजार आणि साधा सेल्युलायटिस, म्हणजे कातडीचं वरवरचं इन्फेक्शन, वरून सारखेच दिसतात, जगातल्या मोठमोठ्या हॉस्पिटलातही पहिल्या तपासणीत बहुतेक वेळा तो सेल्युलायटिस किंवा गळू म्हणूनच लिहिला जातो. कारण सगळी आग खाली चालू असते. फॅशियातल्या बारीक रक्तवाहिन्या गोठतात, वरच्या कातडीचं रक्त हळूहळू तुटतं, पण कातडी काळीनिळी व्हायला वेळ लागतो, म्हणजे वरचा रंग खालच्या परिस्थितीच्या कितीतरी मागं असतो. तुम्ही रंग बघून ठरवत असाल तर तुम्ही कालची परिस्थिती बघताय. आणि आपल्याकडं आणखी एक भानगड, पुस्तकातले फोटो सगळे गोऱ्या पायांचे, लालभडक, आपल्या सावळ्या आणि उन्हानं रापलेल्या कातडीवर ती लाली दिसतच नाही हो, दिसते ती चमक, ताणलेपण, आणि हाताला लागणारी गरमी. म्हणून हात लावल्याशिवाय, चांगल्या उजेडात दोन्ही पाय शेजारी-शेजारी ठेवून बघितल्याशिवाय पेशंट सोडू नका, पँट वर सरकवून नाही, काढायला लावून.

मग ओळखायचं कसं. माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण एकच, दुखणं आणि दिसणं यांचा मेळ बसत नाही. एवढीशी सूज आणि माणूस अक्षरशः विव्हळतोय, आयुष्यभर मेहनत केलेला गडी, विंचू चावला तरी कामावर जाणारा, तो टेबलावर रडतोय, तर तो नाटक करत नाहीये. त्यातही लाली किंवा सूज जिथं संपते त्याच्या चार बोटं पुढं दाबून बघा, साध्या सेल्युलायटिसमध्ये तिथं फारसं दुखत नाही, यात तिथंही दुखतं आणि खालचं मांस लाकडासारखं कडक लागतं. नाडी १२० आणि ताप ९९, हे गणित जुळत नसेल तर तेही लक्षात घ्या. पेशंट जरा असंबद्ध बोलतोय, घरचे म्हणतायत 'सकाळपासून वेगळंच काहीतरी बोलतो', तेही.

ताप नाही, बीपी ठीक आहे, फोड नाहीत, म्हणून गंभीर नाही असं समजू नका. बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१९ साली एक मोठा हिशोब मांडला गेला, त्यात या आजारात ताप निम्म्याहून कमी जणांना होता, रक्ताळलेले फोड साधारण चारात एकाला, आणि पडलेलं बीपी पाचात एकाला. म्हणजे ज्या खुणा आपल्याला शिकवल्या, फोड, काळी कातडी, दाबल्यावर चरचर वाजणारा गॅस, त्या येण्याची वाट बघणं म्हणजे आजार पूर्ण होण्याची वाट बघणं. एक्स-रेत गॅस दिसला तर पक्कं, पण निम्म्या केसेसमध्ये तो दिसतच नाही, त्यामुळं 'एक्स-रे नॉर्मल आहे' या वाक्याला काही अर्थ नाही.

अजून एक गोष्ट, ही फसवी आहे म्हणून वेगळी सांगतो. जो पाय काल हात लावू देत नव्हता तो आज एकदम कमी दुखतोय, वरची कातडी बधिर झालीये, आणि माणूस मात्र जास्त मलूल. हे बरं होणं नाही. कातडीच्या नसा मेल्यात. शुगरवाल्यांच्या पायाला आधीच मुंग्या-बधिरपणा असतो, त्यांच्यात तर दुखण्याची खूण सुरवातीपासूनच अर्धवट मिळते, म्हणून त्यांच्या बाबतीत आपला उंबरठा अजून खाली हवा.

आता डायक्लो-डेक्साबद्दल. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या-सुयांमुळं हा आजार वाढतो का यावर जगात वाद आहे, पण त्यामुळं दुखणं आणि ताप झाकला जातो आणि ओळखायला उशीर होतो, यावर कुणी फार वाद घालत नाही. आणि डेक्सा तर इन्फेक्शन असलेल्या शुगरच्या पेशंटला, सॉरी पण, द्यायचंच कशाला? शुगर वर जाते, प्रतिकारशक्ती खाली येते, आणि पेशंटला वाटतं गुण आला. मला कळतं की पेशंटला सुई लागते, सुई नाही दिली तर तो समोरच्या दुकानात जातो, तिथं बोर्डावर डिग्री कुठली हे कुणी वाचत नाही. तर सुई द्या ना, ट्रामाडॉल द्या, पॅरासिटॅमॉलची बाटली लावा. फक्त जो पाय मला उद्या सकाळी बघायचाय त्याच्यावर पडदा टाकू नका.

आणि पेन वापरा, भो. एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे लोक, जे पेन देऊन जातात त्यातलं एक जाड मार्करचं टेबलावर ठेवा. सूज आणि लालीची कडा पायावरच आखायची, शेजारी वेळ टाकायची, संध्याकाळी ६, असं. दोन-तीन तासांनी परत बघायचं, पेशंट गावातलाच असेल तर घरी जाऊन बघा नाहीतर बाकड्यावर बसवून ठेवा. साध्या सेल्युलायटिसमध्ये सुद्धा पहिल्या दिवशी लाली रेषेच्या थोडी पुढं सरकू शकते, त्यानं लगेच घाबरायचं कारण नाही, पण दुखणं हळूहळू उतरतं आणि माणूस ताजा दिसतो. ज्याची रेष काही तासातच मागं पडली आणि दुखणंही वाढलं, त्याला सकाळ नका दाखवू, रात्रीच गाडीत बसवा.

रक्त तपासायला तालुक्याच्या लॅबमध्ये जे मिळतं ते पुरतं: सीबीसी (रक्तपेशी), शुगर, क्रिएटिनीन (किडनीसाठी), सोडियम, सीआरपी (शरीरात किती दाह आहे ते). २००४ साली सिंगापूरच्या सर्जननी या साध्या तपासण्यांवरून एक स्कोअर बनवला, एलआरआयएनईसी (LRINEC) म्हणतात त्याला, सीआरपी १५० च्या वर असेल तर ४ मार्क, सोडियम १३५ च्या खाली असेल तर २, क्रिएटिनीन १.६ च्या वर २, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशींचे एक-दोन, शुगर १८० च्या वर १, आणि ६ किंवा जास्त झाले की संशय धरायचा. चांगला आहे, मीही बघतो. पण तो फक्त एका बाजूनं वापरा. स्कोअर जास्त आला तर घाई करा, कमी आला म्हणून निवांत होऊ नका, कारण खरे आजारी असलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा सहाच्या खालीच सापडतो. शेवटी बोटाखाली जे लागतं तेच खरं.

बोटावरून आठवलं, आम्ही नक्की कसं करतो ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं सर्जन आधी सीटी-एमआरआय करतो आणि मग ठरवतो. सीटी हाताशी असेल आणि पेशंट स्थिर असेल तर ठीक, पण संशय पक्का असेल तर एमआरआयच्या रांगेत पेशंट ठेवणं मला गुन्हाच वाटतो. जागा बधिर करून दोन सेंटिमीटरचा चिरा घ्यायचा, थेट फॅशियापर्यंत. निरोगी माणसात तिथून रक्त येतं, पडदा पांढरा चकाकतो आणि बोटाला दाद देत नाही. या आजारात रक्तच येत नाही, खरकटी भांडी धुतल्यावर राहतं तसलं राखाडी पातळ पाणी वर येतं, आणि बोट घातलं की चरबी आणि पडदा काही न अडवता एकमेकांपासून सुटत जातात. पाच-दहा मिनिटांचं काम. हे कळलं की त्याच वेळी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. जिथपर्यंत बोट मोकळं जातं तिथपर्यंत उघडायचं, जे मेलंय ते सगळं काढायचं, रक्त येईपर्यंत. वरची कातडी चांगली दिसतेय म्हणून खालचं सोडायचं नाही. आणि चोवीस तासात परत ओटीत घेऊन बघायचंच, पेशंट बरा वाटला तरी, गरज पडली तर तिसऱ्यांदा, चौथ्यांदा.

नातेवाईक विचारतात, एवढं कापण्यापेक्षा भारीतलं अँटिबायोटिक द्या ना साहेब. प्रश्न बरोबर आहे. पण अँटिबायोटिक रक्तातून जातं आणि त्या पडद्याचं रक्तच बंद झालेलं असतं, बाटलीत काहीही टाका, तिथं पोचणार कसं. १९२४ साली मेलेनी नावाच्या अमेरिकन सर्जननं पेकिंगमधल्या अशा पेशंटांचा अनुभव छापला, तेव्हा पेनिसिलीन सापडलंही नव्हतं, हातात फक्त चाकू होता, आणि तरी त्यातले बहुतेक वाचले. आज आपल्याकडं सगळी औषधं असून जगभरात साधारण चार-पाच पेशंटांमागं एक जातो. का, तर वेळ. २०२० मध्ये बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून बघितलं तर ॲडमिट झाल्यावर सहा तासाच्या आत ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांच्यात मृत्यू १९ टक्के आणि ज्यांचं त्यानंतर झालं त्यांच्यात ३२. हे सहा तास हॉस्पिटलच्या दारापासून मोजलेत बरं का. धडगाव-मोलगीकडून घाट उतरून नंदुरबारला येण्याचे तास, किंवा शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यातल्या पाड्यावरून आधी फाट्यापर्यंत झोळीत येण्याचे तास त्यात धरलेलेच नाहीत. आपले सहा तास तुमच्या टेबलावरच सुरू होतात.

म्हणून अँटिबायोटिकचा पहिला डोस तुमच्याकडंच पडायला हवा, गाडी येईपर्यंत. पिपरासिलीन-टॅझोबॅक्टम साडेचार ग्रॅम असेल तर उत्तम, नसेल तर सेफ्ट्रियाक्झोन आणि मेट्रोनिडाझोल, आणि दोन्हीत क्लिंडामायसिन ६०० ते ९०० मिलिग्रॅम शिरेतून. क्लिंडा विसरू नका, ते जंतूंचं विष बनवणंच थांबवतं, स्ट्रेप्टोकोकस असेल तर त्या विषानंच माणूस जातो. व्हँकोमायसिन-लिनेझोलिड आम्ही पुढं जोडू. ॲलर्जी विचारा. अमिकासिन शक्यतो नको, किडनी आधीच मार खात असते. एक लिटर सलाईन चालू, टिटॅनसची सुई, शुगर बघून चिठ्ठीवर, बस. आणि चिठ्ठीवर काय दिलं, किती वाजता दिलं, ते अक्षर लागेल असं लिहा हो, 'ट्रीटमेंट गिव्हन' एवढं लिहिलेल्या चिठ्ठ्यांचं मी काय करू.

शुगरच्या गोळ्यांबद्दल एक. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं आणि मग ती गोळी इतकी स्वस्त झाली की आता गावातल्या दुकानात सर्रास मिळते, हार्टला किडनीला चांगली आहे यात शंका नाही, मी बंद करा म्हणत नाहीये. पण या गटातल्या गोळ्यांबाबत अमेरिकेच्या एफडीएनं २०१८ साली इशारा दिलाय की क्वचित कधी जांघेत-गुप्तांगापाशी असंच सडणारं इन्फेक्शन होतं, त्याला फोर्नियर गँगरीन म्हणतात. तर ही गोळी घेणारा पुरुष किंवा बाई 'खाली दुखतं, बसवत नाही' म्हणाली तर बघा. आपल्याकडं हे बघितलंच जात नाही. तात्या लाजतात, डॉक्टरही लाजतो, धोतर तसंच राहतं आणि मलम लिहून दिलं जातं. बायकांचं तर विचारूच नका, त्या सुनेलाही सांगत नाहीत, चार दिवस अंगावर काढतात, कानबाईच्या सणाचे रोट झाल्यावर दाखवू म्हणतात. सिस्टरला सोबत घ्या आणि बघा. आणि ते 'मूळव्याध-भगंदर एका दिवसात गायब' वाले बोर्ड, त्यांच्या सुया घेऊन येणारे पेशंट तर आमच्याकडं सगळ्यात वाईट अवस्थेत येतात, पण ते हे पत्र वाचणार नाहीत, सोडा.

आणि पावसाळाच कशाला, चैत्रात बघा. आपल्याकडून सप्तशृंगीला माणसं अनवाणी चालत जातात, श्रद्धेबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण ज्याला पायाखाली काही कळतच नाही असा शुगरवाला माणूस तापलेल्या डांबरावर चालतो, तळव्याचे फोड फुटतात, त्याला पत्ता नाही. निघायच्या आधी तो तुमच्याकडं बीपी-शुगर चेक करायला येतोच, तेव्हा पाय बघा, आणि चप्पल घालून गेलं तरी आई रागावणार नाही एवढं तुम्हीच सांगू शकता, माझ्यासारख्या शहरातल्या डॉक्टरचं तो ऐकणार नाही.

आता थोडं माझ्या जातभाईंना, म्हणजे सर्जन लोकांना, कारण सगळा दोष गावाकडं ढकलून आपण नामानिराळे राहतो. एखाद्या बीएएमएस डॉक्टरनं रात्री फोन केला, 'सर मला नेक्रोटायझिंग वाटतंय', आणि पेशंट आल्यावर साधा सेल्युलायटिस निघाला, तर आपण स्टाफसमोर त्याची टिंगल करतो, पेशंटसमोर म्हणतो 'उगाच घाबरवलं तुम्हाला'. त्या डॉक्टरचा पुढचा फोन येत नाही. आणि पुढचा पेशंट खरा असतो. या आजारात दहातले पाच-सहा पेशंट विनाकारण आले तरी मला चालतील, दोन तास निरीक्षण करून परत पाठवीन, डिझेलचे पैसे गेले एवढंच. फोन उचला, रात्री भूलतज्ज्ञ मिळत नसेल तर तसं लगेच सांगा म्हणजे ते दुसरीकडं पाठवतील, 'पाठव बघू' म्हणून पेशंट बोलावून सकाळपर्यंत सलाईनवर ठेवणं हे गावातल्या डायक्लोपेक्षा वाईट आहे. मोठ्या ठिकाणीही हे होतं, नाव घेत नाही, पेशंट रात्री अकराला पोचतो, पहिला चिरा दुसऱ्या दिवशी राउंडनंतर.

कुठं पाठवायचं हेही आधीच ठरलेलं असलं पाहिजे. धुळ्याला हिरे मेडिकल कॉलेज पूर्वीपासून आहे, जळगावला २०१८ पासून आणि नंदुरबारला २०२० पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, म्हणजे आता तिन्ही जिल्ह्यात सर्जरी विभाग आहे, आधीसारखं थेट नाशिक-सुरत गाठायची गरज प्रत्येक वेळी नाही. जवळच्या तालुक्याच्या गावात खाजगी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघं हजर असतील तर पहिलं ऑपरेशन तिथंच व्हावं, पुढं पाठवणं नंतर होतं. १०८ ला फोन करताना 'पाय सुजलाय' म्हणू नका, 'सेप्सिस आहे, नाडी इतकी, बीपी इतकं' असं सांगा. नातेवाइकांकडं रेशनकार्ड-आधार द्यायला सांगा, महात्मा फुले योजनेचं काय ते हॉस्पिटलमधले आरोग्यमित्र बघतील, पैशाचं आधी बघू म्हणून घरी थांबणाऱ्यांना तेवढं वाक्य पुरतं कधीकधी.

आणि 'पाय कापतील' ही भीती. ती दारातच काढा, पण खोटं बोलून नाही. मी असं सांगतो: आत्ता गेलात तर बहुतेक वेळा सडलेलं मांस काढतात, पाय राहतो, जखम मोठी होते, महिना-दोन महिने ड्रेसिंग, व्हॅक्यूमचं मशीन लावतात, मग मांडीची कातडी काढून लावतात. उद्या गेलात तर पाय जाऊ शकतो. परवा गेलात तर पायाचा प्रश्न उरत नाही. आप्पा लोकांना हा हिशोब कळतो, पीक-पाण्याचा हिशोब करणारी माणसं आहेत. त्यातून गेलेले, ग्राफ्ट लागलेले पेशंट तुमच्या पंचक्रोशीत एक-दोन तरी असतीलच, त्यांच्याशी फोनवर बोलणं करून दिलं तर माझ्या दहा वाक्यांपेक्षा जास्त काम होतं.

हां, सापाचं राहिलं. साप चावल्यावर हात-पाय भरपूर सुजतो, फोड येतात, काळं पडतं, ते बघून लगेच कापायला पाठवायचं नसतं, तिथं आधी अँटिस्नेक व्हेनम आणि रक्त गोठतंय का ती वीस मिनिटांची टेस्ट. घट्ट दोरी बांधून आणू नका. पण दोन-चार दिवसांनी त्याच जागेवर परत दुखणं वाढलं, ताप आला, पाणी सुटलं, तर मग हे पत्र आठवा.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांकडं माझी मागणी छोटी आहे. तुमच्या महिन्याच्या मीटिंगला औषध कंपनीचा जो कार्यक्रम असतो, त्यातला एक तास जून महिन्यात या विषयाला द्या, हॉटेलात नको, पीएचसीत चालेल, मी स्वतःच्या गाडीनं येईन आणि फोटो दाखवीन, आपल्या कातडीचे फोटो, पेशंटची परवानगी घेऊन काढलेले. दुसरं, प्रत्येक तालुक्यात एक कागद करा, रात्री कोणता सर्जन आणि कोणता भूलतज्ज्ञ खरोखर उपलब्ध आहे, त्यांचे मोबाईल, मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीचा नंबर, आणि तो दर तीन महिन्यांनी तपासा, कारण असे कागद भिंतीवर पिवळे होतात आणि नंबर कधीच बदललेले असतात. तिसरं, मेडिकलवाल्यांनाही बोलवा. चिठ्ठीशिवाय डायक्लोची पट्टी आणि डेक्साच्या गोळ्या तेच देतात, त्यांना वगळून काही होणार नाही.

कुणाला यातलं काही पटलं नसेल, अँटिबायोटिकच्या निवडीवर वाद घालायचा असेल, तर जरूर घाला, समोर बसून घाला, चहा माझ्याकडं.

आपला,
एक जनरल सर्जन, जळगाव जिल्हा

ता.क. लहान मुलांचं लिहायचं राहिलं. कांजण्या आलेल्या पोराला आयब्युप्रोफेन देऊ नका, पॅरासिटॅमॉलच द्या. आणि कांजण्या उतरायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत ताप चढला आणि पोरगं एक हात किंवा पाय हलवू देत नाहीये, हात लावला की किंचाळतंय, तर खपलीखालून स्ट्रेप्टोकोकस आत गेलेला असू शकतो. त्याला शुगर-बिगर काही लागत नाही, धडधाकट पोरांनाही होतो. त्याच दिवशी पाठवा.